दिवाळीत मैत्रिणींबरोबर गोडाची अदलाबदल: पहिल्यांदाच करताय तर इथून सुरुवात करा

दिवाळीच्या आधी दोन-तीन आठवडे प्रत्येक घरात तोच प्रश्न असतो, फराळाचं काय करायचं. सगळं घरी करायला वेळ नाही, सगळं विकत आणायला मन होत नाही. यावर आम्ही सहा मैत्रिणींनी काही वर्षांपूर्वी एक मार्ग काढला आणि तो इतका छान चाललाय की आता दरवर्षी ठरलेलंच असतं. एकीने एकच पदार्थ करायचा, पण सहा घरांना पुरेल एवढा, आणि वसुबारसेच्या आधीच्या रविवारी एकीच्या घरी जमून वाटून घ्यायचा. येताना हातात एक पदार्थ, जाताना पिशवीत सहा. ज्यांनी कधीच केलं नाहीये, ज्यांना ओव्हनची भीती वाटते, त्यांच्यासाठी सगळं नीट लिहितेय, थोडं लांबलंय पण एकदा वाचून ठेवा.

आधी माणसं आणि माप ठरवा

चार ते सहा जणी एकदम बरोबर. तिघीच असल्या तर मजा येत नाही आणि आठ झाल्या की एकेकीला दोन किलो करावं लागतं, मग ते काम होऊन बसतं. महिनाभर आधी ग्रुपवर विषय काढा आणि कोण काय करणार ते त्याच दिवशी लिहून टाका, कारण नंतर हमखास दोघी बेसनाचे लाडू करतात आणि शंकरपाळी कोणीच करत नाही.

माप नगावर ठेवू नका, वजनावर ठेवा. एकीचा लाडू लिंबाएवढा, दुसरीचा संत्र्याएवढा, मग "दहा-दहा नग" म्हणून काही कळत नाही. आमच्यात प्रत्येक घराला पाव किलो असं ठरलंय, म्हणजे सहा घरांना (स्वतःचं धरून) दीड किलो. यासाठी स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा लागतो, नसेल तर घ्याच, बेकिंगला तर तो लागतोच लागतो. वाटी-चमच्याच्या मापाने रोजचा स्वयंपाक होतो पण चौपट प्रमाण करताना वाटीतली थोडी थोडी चूक चौपट होते.

पैशांचं एक स्पष्ट बोलते. तुपातले पदार्थ महाग पडतात, शंकरपाळी त्यामानाने स्वस्त. आम्ही हिशोब ठेवत नाही, त्याऐवजी पदार्थ दरवर्षी फिरवतो, यंदा जिने नानकटाई केली ती पुढच्या वर्षी शंकरपाळी करते. दोन-तीन वर्षांत सगळं आपोआप सारखं होतं आणि प्रत्येकीला सगळे पदार्थ यायला लागतात, मला हा त्यातला सगळ्यात मोठा फायदा वाटतो.

अजून एक, कोणाला काय चालत नाही ते आधीच विचारा. शेंगदाणे, काजू, अंडं, घरात कोणाला डायबेटिस आहे का. हे विचारायला संकोच करू नका, डबा हातात दिल्यावर समोरचीने "अगं आमच्याकडे चालत नाही" म्हणणं दोघींनाही वाईट वाटतं.

पदार्थ कुठला निवडायचा

इथे नवख्या लोकांची गडबड होते. आपल्याला काय खायला आवडतं ते निवडू नका, काय टिकतं आणि प्रवासात मोडत नाही ते निवडा. दिवाळी ऑक्टोबरमध्ये आली तर दुपारचं ऊन अजून कडक असतं. ओल्या नारळाच्या वड्या, खव्याच्या करंज्या, बर्फी हे सगळं दोन-चार दिवसांचं काम, फ्रीजबाहेर तर त्याहून कमी. ते घरच्यासाठी करा, अदलाबदलीसाठी नको.

टिकणाऱ्यांत नानकटाई, बेसनाचे लाडू, शंकरपाळी, सुक्या खोबऱ्याच्या सारणाच्या करंज्या, चिरोटे. हे नीट झाले आणि नीट भरले तर पंधरा दिवस सहज जातात. अनारसे पहिल्या वर्षी हातात घेऊ नका. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग सावलीत सुकवून किंचित दमट असतानाच दळायचे, गूळ घालून पीठ मुरवायचं आणि एवढं करूनही तुपात टाकल्यावर फसफसून विरघळले तर ऐनवेळी हातात काहीच उरत नाही. आमच्यातली एकजण मात्र अप्रतिम करते, खसखशीची बाजू वर ठेवून तळलेले, जाळी पडलेले, त्यामुळे तो पदार्थ फिरत नाही, तो तिचाच.

पहिल्यांदा करणारीने नानकटाई घ्यावी असं माझं ठाम मत आहे. पाक नाही, तळण नाही, तासभर ढवळत उभं राहणं नाही, आणि भाजायला लागली की सगळ्या बिल्डिंगला वास जातो.

आमच्या लहानपणी नानकटाई घरी भाजतच नसत. मैदा, तूप, साखर घरून मोजून पिशवीत घालून बेकरीत न्यायची, तिथे मोठ्या परातीत मळून, काळ्या पत्र्याच्या लांब ट्रेवर थापून भट्टीत जायची, आणि आपण बाकावर बसून आपल्या ट्रेची वाट बघायची. संध्याकाळी पत्र्याचा डबा गरमगरम मांडीवर घेऊन घरी यायचो. नानकटाई आपल्याकडे सुरतेकडून आली असं सांगतात, तिथे डच लोकांच्या बेकऱ्या होत्या त्या काळातली गोष्ट. आता अशी भट्टीवर भाजून देणारी बेकरी तुमच्या गावात असेल तर खरंच भाग्यवान आहात, चौकशी करा, काही ठिकाणी दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत अजून भाजून देतात.

नानकटाई, आधी थोडी

पहिल्यांदा एकदम दीड किलो करायला जाऊ नका. दोन आठवडे आधी हे छोटं प्रमाण करून बघा, याच्या 24 होतात.

मैदा 150 ग्रॅम, बेसन 50 ग्रॅम, बारीक रवा 25 ग्रॅम, पिठीसाखर 110 ग्रॅम, साजूक तूप 120 ग्रॅम, बेकिंग पावडर अर्धा चमचा, खायचा सोडा चिमूटभर, मीठ चिमूटभर, वेलदोड्याची पूड अर्धा चमचा, थोडं जायफळ किसून. वरून लावायला पिस्त्याचे काप.

मीठ विसरू नका, गोडाला चव त्यानेच येते. बेकिंग पावडर जुनी असेल तर आधी तपासा, चिमूटभर गरम पाण्यात टाकली की लगेच फसफसायला पाहिजे, नुसती तळाशी बसली तर टाकून द्या आणि नवीन आणा.

आता तूप, कारण अर्धी नानकटाई तुपावर आहे. तूप पातळ नको, थिजलेलं हवं, पण दगडासारखं घट्टही नको, बोट सहज आत गेलं पाहिजे. हवा गरम असेल तर पंधरा-वीस मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा. मग पसरट ताटात तूप घ्या आणि तळहाताने फेसायला लागा, गोल गोल, एकाच दिशेने. पहिली दोन मिनिटं काहीच होत नाही, नुसतं पिवळं चिकट तूप हाताला लागतं. तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला रंग उतरायला लागतो. सहा-सात मिनिटांनी ते पांढरं, हलकं, लोण्यासारखं होतं आणि ताटात बोटांच्या रेषा तशाच उमटून राहतात. तिथे थांबा, आता चाळलेली पिठीसाखर घालून अजून तीन-चार मिनिटं फेसा. बीटर असेल तर काम पटकन होतं पण पहिल्यांदा हातानेच करा, तुपात झालेला फरक हाताला कळतो आणि तो एकदा कळला की पुढे कधी चुकत नाही.

मैदा, बेसन, बेकिंग पावडर, सोडा, मीठ एकत्र दोनदा चाळून घ्या, रवा, वेलदोडा, जायफळ मिसळा आणि तुपात घाला. इथे एक गोष्ट कटाक्षाने पाळा, मळायचं नाही. पोळीच्या कणकेची हाताला सवय असते, हात आपोआप दाबून मळायला लागतो, आणि मळलं की मैद्याला चिवटपणा येतो, नानकटाई कडक होते. नुसतं बोटांनी गोळा करा, भेगा दिसल्या तरी चालेल. कोरडं वाटलं तर चमचाभर तूप अजून घाला, पाणी किंवा दूध अजिबात नको, त्याने खुसखुशीतपणा जातो आणि टिकतही कमी.

गोळा झाकून वीस मिनिटं फ्रीजमध्ये. मग साधारण 19 ग्रॅमचे, म्हणजे छोट्या लिंबाहून जरा लहान गोळे करा, हलके दाबा, पिस्ता लावा आणि ट्रेवर बटर पेपर घालून एकमेकींपासून इंचभर लांब ठेवा. त्या पसरतात.

भाजायचं कसं

ओटीजी (विजेवरचा छोटा घरगुती ओव्हन) असेल तर 160 डिग्रीवर दहा मिनिटं आधी तापवा, खालचा-वरचा दोन्ही रॉड चालू, ट्रे मधल्या कप्प्यात, 18 ते 22 मिनिटं. मायक्रोवेव्ह असेल तर कन्व्हेक्शन मोडवरच करायचं, साध्या मायक्रोवेव्हवर नानकटाई होत नाही.

ओव्हन नसेल तर जाड बुडाची मोठी कढई किंवा कुकर घ्या. कुकर घेतला तर झाकणाची रिंग आणि शिट्टी दोन्ही काढून ठेवायचं, हे विसरायचं नाही. तळाला दोन वाट्या मीठ पसरा, त्यावर कुकरची जाळी किंवा स्टँड, झाकण ठेवून मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवा. मग तूप लावलेल्या ताटलीत सहा-सात नानकट्या ठेवून ती आत ठेवा, आच बारीक, 20 ते 25 मिनिटं. पहिली पंधरा मिनिटं झाकण उघडू नका. ते मीठ नंतर जेवणात वापरू नका, डब्यात भरून पुढच्या भाजणीला ठेवा.

झाली का ते ओळखायचं कसं? वरून रंग बघून फसायला होतं. वर ती जवळजवळ फिकटच राहते, फक्त भेगा पडतात. उलथन्याने एक हळूच उचलून बूड बघा, कडेला फिकट सोनेरी आली की काढा. हात लावला तर मऊ लागेल आणि वाटेल कच्चीच आहे, अजून पाच मिनिटं ठेवू. नका ठेवू. गरम नानकटाई मऊच असते, ट्रेवर दहा मिनिटं निवली की तीच खुसखुशीत होते. आत्ता उचलायला गेलात तर हातात चुरा येईल.

बिघडली तर कारण बहुतेक यातलंच असतं: पोळीसारखी पसरली म्हणजे तूप पातळ होतं किंवा गोळा गार केला नव्हता; दगडासारखी झाली म्हणजे मळली किंवा जास्त भाजली; घशात पीठ अडकल्यासारखं वाटलं म्हणजे तूप कमी पडलं; कडवट-साबणासारखी चव आली म्हणजे सोडा जास्त झाला. एका वेळी एकच गोष्ट बदलून परत करा.

दीड किलोसाठी हे प्रमाण चौपट करा. मैदा 600, बेसन 200, रवा 100, पिठीसाखर 440, तूप 480 ग्रॅम, आणि बेकिंग पावडर दोन चमचे. 96 होतात, पाव किलोला साधारण 14 बसतात, म्हणजे सहा घरांच्या 84 आणि वरच्या बारा मोडण्यासाठी, चाखण्यासाठी आणि घरातल्या येता-जाता उचलणाऱ्यांसाठी. घरगुती ट्रेवर एका वेळी बारा मावतात, म्हणजे आठ घाणे, प्रत्येकी वीस मिनिटं, जवळपास तीन तास धरा. सगळं पीठ एकदम भिजवू नका, दोन वेळा करा, नाहीतर शेवटच्या घाण्यापर्यंत तूप वितळायला लागतं. रात्री दहाला सुरू करू नका, दुपारी जेवण आटपून सुरू करा.

ज्यांना भाजणीचं धाडस नाही त्यांच्यासाठी बेसनाचे लाडू

सहा घरांसाठी बेसन 750 ग्रॅम, तूप 375 ग्रॅम, पिठीसाखर 575 ग्रॅम, वेलदोडा, बेदाणे. बेसन लाडवाचं, जरा जाडसर दळलेलं घ्या, भज्यांच्या बारीक बेसनाचे लाडू टाळूला चिकटतात. दोन भागांत भाजा, एकाच कढईत सगळं घेतलं तर हात भरून येतो आणि खालचं करपतं. आच बारीक, पस्तीस-चाळीस मिनिटं, ढवळणं थांबवायचं नाही. सुरुवातीला बेसन कोरडं कोरडं आणि जड लागतं, आणि वाटतं तूप कमी पडलं. घाई करून तूप ओतू नका. अर्ध्या तासाने तेच बेसन तूप सोडायला लागतं, सैल होतं, झारा हलका फिरतो आणि कच्चा वास जाऊन खमंग वास दुसऱ्या खोलीत पोचतो. तेव्हा दोन चमचे दुधाचा हबका मारा, फसफसून वर येईल, ते पूर्ण खाली बसेपर्यंत परता. याने लाडू रवाळ होतो.

मग गॅस बंद, आणि थांबा. पिठीसाखर गरम बेसनात गेली की ती विरघळते, सगळं पातळ होतं आणि लाडू बसतात, गोल राहत नाहीत. हाताला कोमट लागेपर्यंत, तासभर तरी. साखर घालून चांगलं मळा, पस्तीस ग्रॅमचे 48 वळा, सात-सात दिले की पाव किलो होतं आणि देवापुढे ठेवायला सहा उरतात.

शंकरपाळीचं तर सगळ्यांना माहितीच आहे, एक वाटी दूध, एक वाटी तूप, एक वाटी साखर गरम करून साखर विरघळवायची, गार झालं की मावेल तेवढा मैदा. तळताना आच बारीक ठेवा, एवढंच.

डबे भरणं

याकडे लोक दुर्लक्ष करतात आणि केलेली सगळी मेहनत इथे वाया जाते. पहिल्या वर्षी मी नानकटाई संध्याकाळी भाजली आणि वरून गार लागली म्हणून तासाभरात डबे भरून टाकले. आतून कोमट होती. सकाळी झाकण उघडलं तर आतून थेंब जमलेले आणि नानकटाई केकसारखी मऊ. सगळी ट्रेवर पसरून मंद ओव्हनमध्ये परत दहा मिनिटं वाळवली तेव्हा कुठे जीवात जीव आला (तुमचं असं झालं तर हाच उपाय करा, चालतो). तेव्हापासून रात्रभर जाळीवर, वर पातळ कापड, आणि डबे दुसऱ्या दिवशी सकाळी.

डबा पूर्ण कोरडा. धुतला असेल तर उन्हात ठेवा, पुसून चालत नाही, झाकणाच्या खाचेत पाणी राहतं. तळाला बटर पेपर, नानकट्या आडव्या रचण्यापेक्षा उभ्या, एकीला एक टेकून, दोन थरांमध्ये पेपर, आणि वरची मोकळी जागा चुरगळलेल्या पेपरने भरा म्हणजे रिक्षात हलणार नाहीत. लाडू असतील तर छोट्या कागदी वाट्यांमध्ये बसवा. आणि गोडाच्या डब्यात चिवडा किंवा लसणाची शेव पुडी बांधूनसुद्धा ठेवू नका, तुपाला वास लगेच लागतो, संध्याकाळपर्यंत लाडवाला लसणाचा वास येतो.

डब्यावर चिठ्ठी लावा: पदार्थाचं नाव, केल्याची तारीख, त्यात काय काय आहे (पिस्ता, काजू असेल तर ठळक), आणि "पंधरा दिवसांत संपवा". कोणाकडे पाहुणे आले आणि त्यांनी विचारलं तर उत्तर डब्यावरच असतं.

वाटपाचा दिवस

जास्त थाट नको. चहा ठेवायचा आणि काहीतरी तिखट करायचं, कारण दुपारभर गोड चाखून सगळ्यांना तिखटच हवं असतं. प्रत्येकीने आपला एक नग तोडून ताटात ठेवायचा आणि कसं केलं ते सांगायचं, काय चुकलं तेही सांगायचं. मी चिरोट्यांना साटा (थरांमध्ये लावायचं तूप-पिठाचं मिश्रण) किती लावायचा ते अशाच एका दुपारी शिकले, चिरोटे करणारीने हातात लाटी घेऊन दाखवलं, लिहिलेल्या रेसिपीत "पुरेसा" एवढंच होतं.

डब्यांची नावं घालून ठेवा आणि आपल्याकडची रीत आहे तशी, डबा रिकामा परत करू नका. फार काही नको, चार बत्तासे, मूठभर शेंगदाणे, झाडाचा कढीपत्ता. माझ्या एका मैत्रिणीचा डबा दरवर्षी देव दिवाळीच्या सुमारास तिच्या दारच्या लिंबांनी भरून येतो, मी त्याची वाट बघते.

आमच्यातली एक मूळची म्हापशाची आहे. तिच्याकडे नाताळला कुसवार म्हणजे नाताळचा फराळ करतात, नेवऱ्या, दोदोल (तांदळाचं पीठ, गूळ आणि नारळाच्या दुधाचा गोड पदार्थ), रवा-नारळाची बातिका, आणि शेजारीपाजारी ताटं भरून पाठवतात. तिने पहिल्यांदा नेवरी दिली तेव्हा आम्ही सगळ्या एकदम म्हणालो, अगं ही तर करंजी. आता दिवाळीला आमच्या करंज्या तिच्याकडे जातात आणि डिसेंबरात तिचं ताट आमच्याकडे येतं. तुमच्या ग्रुपमध्ये अशी कोणी असेल, वसईची, गोव्याची, हैदराबादची, तर तिला तिच्याकडचाच पदार्थ करायला सांगा, फराळाच्या यादीत बसत नाही म्हणून सोडू नका.

आजच काय करायचं असेल तर एवढं करा: ग्रुपवर मेसेज टाका, वजनकाटा बघा, आणि बेकिंग पावडरच्या डबीवरची तारीख वाचा. या रविवारी 24 नानकट्या करून बघा.